रबर की पीयू? आधी सांधा पाहा

पावसाळा उलटला की पुणे-नाशिककडच्या गॅरेजांत फोर-बाय-फोर गाड्यांची गर्दी होते. तक्रारी ठरलेल्या असतात. खड्ड्यातून जाताना पुढून टक्कन आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सांभाळावे लागते. मिस्त्री गाडीखाली शिरतो, टॉमी लावून आर्म हलवून बघतो आणि सांगतो, "बुश गेलेत." इथपर्यंत कोणाचा वाद नसतो. वाद सुरू होतो तो नवे कुठले टाकायचे यावरून. कंपनीचे रबरी, बाजारातले स्वस्त रबरी, की लाल-पिवळ्या-निळ्या रंगांतले पॉलियुरेथेनचे, ज्यांना गॅरेजात नुसते 'पीयू' म्हणतात? "दादा, एकदाचे पीयू टाकून घ्या, परत बघायला नको," हा सल्ला हमखास मिळतो आणि मालक अख्ख्या गाडीचा संच मागवून मोकळा होतो.

अख्ख्या गाडीला एकच उत्तर शोधायचे, इथेच हिशेब चुकतो असे मला ठामपणे वाटते. ऑफ-रोड गाडीच्या सस्पेन्शनमध्ये लहानमोठे वीसेक किंवा त्याहून जास्त बुश असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेली हालचाल वेगळी असते. एका जागी पीयू सोन्यासारखा चालतो, तर त्याच गाडीत हातभर अंतरावर तोच पीयू चाक उचलायला लावतो किंवा चेसीचा ब्रॅकेट फाडतो. म्हणून निवड साहित्यापासून सुरू करू नये, सांध्यापासून करावी.

कंपनीचा जुना बुश हॅकसॉने मधोमध कापून पाहिला तर त्याची रचना लगेच ध्यानात येते. आत एक लोखंडी नळी असते, तिच्यातून बोल्ट जातो. बाहेर दुसरी मोठी नळी, आर्मच्या गोल घरात दाबून बसवलेली. दोन्हींच्या मध्ये रबर. हे रबर नुसते कोंबलेले नसते. नळ्यांवर आधी चिकटद्रव्याचा पातळ थर देतात आणि मग साच्यात, उष्णता व दाब देऊन रबर दोन्ही नळ्यांना कायमचे जोडतात. आतल्या नळीच्या टोकांना बऱ्याचदा बारीक दाते असतात. बोल्ट आवळला की ते ब्रॅकेटच्या पत्र्यात रुततात आणि ती नळी जागची हलत नाही. आर्म वर-खाली झाला की बाहेरची नळी त्याच्याबरोबर वळते आणि मधले रबर पिळले जाते. कुठेच काही घासत नाही. त्यामुळे ग्रीस लागत नाही, माती शिरायला फट राहत नाही आणि आवाजही होत नाही.

पूर्वी सगळ्याच गाड्यांना हे सुख नव्हते. विलीज जीपच्या पाट्यांच्या शॅकलना आटे पाडलेले धातूचे बुश असत आणि त्यांना नेमाने ग्रीसगन लावावी लागे. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवायला घेतलेल्या जीप याच घराण्यातल्या. ग्रीस द्यायचे राहून गेले की आटे झिजत आणि शॅकल खुळखुळू लागे. रबर आणि धातू एकजीव केलेले सांधे तसे त्याआधीच, १९२०च्या दशकात, फ्रान्समधून 'सायलेंटब्लॉक' या नावाने पुढे आले. पार्टच्या दुकानांत 'सायलेंट बुश' हे नाव अजून ऐकू येते ते तिथूनच. अमेरिकेत प्लिमथने १९३१ साली अख्खे इंजिन रबरी माउंटवर टेकवून 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने त्याची जाहिरात केली आणि मोटारीतला रबराचा वावर वाढत गेला.

रबराचा एक गुण नीट समजून घेतला तर पुढचे सगळे सोपे होते. रबर दाबून त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. ते फक्त आकार बदलते, एका बाजूने दाबले की दुसऱ्या बाजूने फुगते. दोन नळ्यांमध्ये कोंडलेल्या रबराला फुगायला जागाच नसते, म्हणून आडव्या दाबाला ते भलतेच कडक लागते. पिळताना मात्र आकारमानाचा प्रश्नच येत नाही. तिथे तेच रबर मऊ वागते. चाक मागे-पुढे हलू द्यायचे नाही, पण वर-खाली मोकळे सोडायचे, हे दुहेरी काम एवढासा तुकडा त्यामुळे करू शकतो. काही बुशमध्ये रबराच्या अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. पोकळीच्या दिशेने रबराला सरकायला जागा मिळते, म्हणून त्या दिशेने बुश मऊ होतो आणि तिच्या काटकोनात कडक राहतो. खड्ड्याचा धक्का थेट चेसीत जाऊ नये यासाठी ही सोय असते. असा बुश बसवताना पाव फेरा फिरला तर गाडीचा स्वभावच बदलतो. म्हणून जुना काढण्याआधी पोकळ्यांची किंवा बाणाची दिशा आर्मवर रंगाने नोंदवून ठेवावी.

बुशला एकूण चार तऱ्हेची हालचाल सोसावी लागते. बोल्टाभोवती फिरणे, बोल्टाला आडवा दाब, बोल्टाच्या लांबीच्या दिशेने सरकणे आणि चौथी म्हणजे तिरपे होणे, जिथे आतल्या नळीचा अक्ष आणि बाहेरच्या नळीचा अक्ष एकमेकांशी कोन करतात. डांबरी रस्त्यावर ही चौथी हालचाल किरकोळ असते. ऑफ-रोडला तीच महत्त्वाची. डावे चाक दगडावर चढलेले आणि उजवे खड्ड्यात गेलेले असते तेव्हा सगळा ॲक्सल तिरपा होतो, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या सांध्यांना त्याच्याबरोबर तिरपे व्हावेच लागते.

आता पीयूकडे वळू. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधले. सस्पेन्शनसाठी मिळणारा पीयू बुश सहसा दोन अर्ध्यांचा असतो आणि मधून जाणारी लोखंडी नळी वेगळी येते. नळीला तो चिकटवलेला नसतो, तिच्यावर फिरतो. रबर पिळले जाते, पीयू सरकतो, आणि सगळा फरक यातून निघतो. ग्रीस शाबूत असेल तर पीयू बोल्टाभोवती रबरापेक्षा मोकळा फिरतो. पण तिरपे व्हायचे म्हटले की अडून बसतो, कारण त्याचे साहित्य कडक आणि घर अगदी मापात भरलेले. रबराचे उलटे. फिरताना ते थोडे स्प्रिंगसारखे मागे ओढते, पण तिरपे सहज होते. तेव्हा बुश निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की या सांध्याला नुसते फिरायचे आहे की तिरपेही व्हायचे आहे?

हा प्रश्न घेऊन जिम्नीखाली जाऊ, कारण तिथे त्याचे उत्तर सगळ्यात स्वच्छ दिसते. मारुतीने २०२३ साली भारतात विकायला काढलेल्या जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत आणि कॉइल स्प्रिंग. पुढच्या ॲक्सलला दोन आर्म मागे चेसीपर्यंत धरून ठेवतात आणि एक आडवा लॅटरल रॉड तो डावी-उजवीकडे सरकू देत नाही. प्रत्येक आर्म चेसीला एका बुशने जोडलेला असतो आणि ॲक्सलला दोन बुशनी, एक पुढे आणि एक मागे. दोन ठिकाणी पकडल्यामुळे आर्म ॲक्सलला स्वतःभोवती गिरकी घेऊ देत नाही. ब्रेक मारताना हे हवेच असते.

पण आता डावे चाक वर आणि उजवे खाली गेले असे समजा. डावा आर्म वर उचलला गेला, तो ॲक्सलला एका दिशेने फिरवू पाहतो. उजवा आर्म खाली झुकला, तो उलट दिशेने फिरवू पाहतो. मधली ॲक्सलची नळी जाड पोलादाची, ती काही पिळली जाणार नाही. मग ही ओढाताण कोणी सोसायची? ॲक्सलकडच्या त्या चार बुशनी. ते जेवढे दबतील तेवढीच चाके वर-खाली जातील. इथे कडक पीयू टाकला तर पुढचा ॲक्सल एखाद्या जाडजूड अँटी-रोल बारसारखा वागू लागतो. वळणावर गाडी कमी कलंडते, हे खरे, आणि हमरस्त्यावर चालवणाऱ्याला ते आवडतेही. पण नाल्यात, दगडांत एक चाक लवकर हवेत उचलले जाते. हवेतल्या चाकाला पकड नसते आणि पकड गेली की फोर-बाय-फोरचा उपयोग अर्ध्यावर येतो. शिवाय बुश दबत नाही म्हटल्यावर तो ताण जातो कुठे? आर्मच्या घरात, ॲक्सलवरच्या वेल्डिंगमध्ये, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात. हा ताण परत परत येतो आणि एक दिवस पत्र्याला बारीक चीर दिसते. बुश बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम, ॲक्सलचा ब्रॅकेट पुन्हा वेल्ड करणे तेवढे सोपे नाही. जुन्या लँड रोव्हर डिफेंडरच्या पुढच्या ॲक्सललाही हेच गणित लागू पडते. त्या चार जागी मी डोळे मिटून कंपनीचे रबर सुचवीन.

त्याच गाडीतला लॅटरल रॉड पाहा. त्याचे दोन्ही बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने असतात. ॲक्सल तिरपा झाला तरी रॉड मुख्यतः त्या बोल्टांभोवतीच फिरतो, तिरपे होणे फारसे वाट्याला येत नाही. उलट या रॉडच्या टोकाला जरासाही खेळ राहिला तर ॲक्सल आडवा हलतो आणि अखंड ॲक्सलच्या गाड्यांना सतावणारी स्टिअरिंगची थरथर सुरू होते. रस्त्यावरच्या एखाद्या सांध्यावरून गाडी गेली की स्टिअरिंग जोरजोरात थडथडायला लागते आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही, तो हा प्रकार. त्याला चाकांचे बॅलन्सिंग आणि किंगपिनचे बेअरिंगही कारण असू शकतात, पण लॅटरल रॉडचा बुश आधी तपासावा. तपासायची रीत साधी आहे. गाडी चाकांवर उभी ठेवून एकाने इंजिन चालू असताना स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने रॉडच्या टोकावर बोट टेकवून बघायचे. बोल्ट जागेवर आणि रॉड सरकतोय असे जाणवले तर बुश संपला. इथे पीयू टाकायला माझी अजिबात हरकत नाही.

पाट्यांच्या गाड्यांचा न्याय थोडा निराळा. १९८५ साली आलेली जिप्सी सर्वसामान्य ग्राहकांसाठी २०१९च्या सुमारास बंद झाली. तरी ताडोबाच्या दारात पहाटे उभ्या असलेल्या उघड्या गाड्यांत ती अजून दिसते, आणि लष्करानेही ती वर्षानुवर्षे वापरली. चारही चाकांना पाटे. प्रत्येक पाट्याचे एक टोक चेसीला थेट जोडलेले आणि दुसरे शॅकलमधून झुलणारे, कारण पाटा दबला की त्याची लांबी वाढते आणि त्या लांबीला कुठेतरी जागा लागते. थेट जोडलेले टोक ॲक्सलची जागा पक्की करते. तिथला बुश झिजला की ॲक्सल एका बाजूने मागे-पुढे सरकतो आणि मागचा भाग आपोआप वळल्यासारखा वाटतो. शॅकलच्या टोकाला मात्र फिरणेही आहे आणि पाटा पिळला गेला की तिरपे होणेही. लोड घेऊन डांबरीवर जास्त पळणाऱ्या गाडीला थेट टोकाशी पीयू आणि शॅकलला रबर अशी जोडी मला पटते. प्रवासी भरून कच्च्या वाटेने संथ चालणाऱ्या सफारीच्या गाडीला सगळीकडे चांगल्या प्रतीचे रबरच बरे. तिथे वेग नाही, आतल्या माणसांना बसणारे धक्के कमी व्हावेत एवढेच हवे असते.

२०२०ची थार पुढून वेगळ्या जातीची आहे. तिला पुढे डबल विशबोन आहेत, म्हणजे प्रत्येक चाकाला वरचा एक आणि खालचा एक असे दोन आर्म, आणि प्रत्येक आर्म चेसीला एकाच रेषेतल्या दोन बुशवर झुलतो. एका रेषेत दोन बिजागऱ्या असल्या की आर्मला फिरण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. त्यामुळे इथे पीयूचा तोटा थोडा आणि फायदा बराच, स्टिअरिंग नेमके होते आणि ब्रेकखाली चाकाची दिशा ढळत नाही. खड्ड्यांचा दणका चेसीपर्यंत थोडा जास्त पोचेल, तो मान्य असेल तरच. मागे मात्र अखंड ॲक्सल आणि त्याला अनेक लिंक आहेत. तिथल्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या लिंकच्या दोन्ही टोकांना तिरपे व्हावेच लागते. तिथे रबर. शॉकअपच्या डोळ्यातही रबर. अँटी-रोल बारचे चेसीवरचे बुश हे पीयू आजमावून बघायला सगळ्यात सोपे ठिकाण. स्वस्त, बाहेरून दोन बोल्टांत सुटणारे, आणि तिथे बारला फक्त गोल फिरायचे असते.

दगडांवर चढण्याच्या स्पर्धेत उतरणारी मंडळी यापुढे जातात. २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियासारख्या पावसाळी स्पर्धांसाठी तयार केलेल्या गाड्यांत लिंकच्या टोकांना धातूच्या गोळ्याचे सांधे लावतात. ते कुठल्याही दिशेने तिरपे होतात आणि तरी खेळ देत नाहीत. पण त्यांचा आवाज येतो, धक्का जसाच्या तसा पोचतो, चिखलात ते झपाट्याने झिजतात. रोज ऑफिसला नेण्याच्या गाडीत त्यांचे काम नाही.

लिफ्ट किट लावलेल्यांसाठी आणखी एक मुद्दा. जिम्नीसारख्या गाडीचा पुढचा भाग उचलला की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर ॲक्सलही पुढच्या अंगाला फिरतो. आर्म ८० सेंटीमीटरचा धरला आणि गाडी ५ सेंटीमीटर उचलली तर हा कोन साडेतीन अंशांच्या आसपास येतो. तेवढा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि हमरस्त्यावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. त्यावर उपाय म्हणून भोक मध्यापासून बाजूला असलेले, कॅस्टर सुधारणारे बुश मिळतात. ते बहुतेक पीयूचेच असतात आणि बसतात नेमके ॲक्सलकडच्या त्या चार जागी, जिथे रबर हवे असे मी वर म्हटले. म्हणून जास्त उचललेल्या गाडीला मी बुशऐवजी कोन बदलून बनवलेले आर्म घेण्याचा सल्ला देतो, म्हणजे कॅस्टरही सुधारतो आणि रबरही राहते. खर्च वाढतो, पण ऑफ-रोडसाठी घेतलेली गाडी ऑफ-रोडला नीट चालावी यासाठी तो करावा.

साहित्य ठरले की खरेदी. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत काश्मिरी गेटला एकाच गाडीचा बुश चार किमतींना मिळतो आणि बाहेरून चारही सारखे दिसतात. रबरी बुशच्या कडा पाहाव्यात. चांगल्या बुशमध्ये रबर नळीला चिकटलेले असते, नखाने उचकटायला गेले तरी सुटत नाही. नखाने दाबलेला ठसा पटकन नाहीसा झाला पाहिजे. फार दिवस दुकानात पडून राहिलेले रबर कडक होते आणि कडांवर केसासारख्या भेगा दिसतात, हवेतल्या ओझोनचे ते काम. व्हर्निअरने बाहेरचा व्यास मोजून जुन्याशी ताडून घ्यावा. नवा बुश आर्मच्या घरात हाताने सरकन् जात असेल तर एक तर बुश लहान आहे किंवा घर झिजले आहे. अशा वेळी मध्ये पत्रा घालणे किंवा बाहेरून वेल्डिंगचा ठिपका मारणे चालू देऊ नये. त्या उष्णतेने रबराचा जोड तिथेच जळतो.

पीयू घेताना रंगावर जाऊ नये. कडकपणा मोजतात शोअर ए या मापात. रबरी बुश साधारण ५० ते ७० आणि पीयूचे ७० ते ९५ या पट्ट्यात असतात, पण कुठला रंग म्हणजे किती आकडा हे प्रत्येक उत्पादक आपापले ठरवतो. विक्रेत्याला आकडा विचारावा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विचारतच नाहीत. पीयूचे दोन मोठे प्रकार आहेत, पॉलिएस्टरवर आधारलेला आणि पॉलिईथरवर आधारलेला. पहिला झीज आणि तेल चांगले सोसतो, पण उष्ण आणि दमट हवेत पाण्याने त्याचे रेणू तुटत जातात आणि तो भुसभुशीत होतो. दुसरा पाण्यात टिकतो. कोकणात राहणाऱ्याने किंवा नदी-नाल्यांत गाडी घालणाऱ्याने पॉलिईथरच मागावा. तिसरी तपासणी दुकानातच करता येते. पीयूचे दोन्ही अर्धे नळीवर चढवून पाहावेत. नळी दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर डोकावली पाहिजे. ती आखूड असेल तर ब्रॅकेट नळीऐवजी पीयूलाच आवळतो, बुश फिरेनासा होतो आणि नळी बोल्टावर घासत बसते.

पीयूच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगायलाच हवी. रबरी बुश बदलायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. दोन अर्ध्यांचा पीयू हाताने, फार तर बाकाच्या शेगड्यात किंवा लांब बोल्ट-वॉशर लावून बसतो. लडाख-स्पितीच्या लांब फेरीवर निघणाऱ्याने एक-दोन महत्त्वाच्या जागांचे पीयू बरोबर ठेवावेत, भले गाडीत रबरच असो. आणि ज्याच्या गाडीत पीयू आहे त्याने ग्रीसही बरोबर ठेवावे, बुशबरोबर येते तेच सिलिकॉनचे. कोकणातली तांबडी माती बारीक आणि चरचरीत असते. पाण्यातून गाडी गेली की ग्रीस धुपते, त्या जागी ही माती शिरते आणि बुश आतून घासला जातो. पीयूच्या चिरक्या आवाजाच्या तक्रारी बहुतेक इथून येतात. पावसाळ्यानंतर एकदा सगळे पीयू उघडून, पुसून, नव्याने ग्रीस लावणे हे त्यांच्या किमतीतच धरून चालावे.

काढणे आणि बसवणे यांत सर्वाधिक नुकसान होते. जुना बुश घरात गंजून बसला की बऱ्याच ठिकाणी गॅसने रबर जाळून काढतात. हे करू देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. जळत्या रबराचा धूर घातक असतो आणि पीयू जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू निघतो. तो धूर आपल्या आधी मिस्त्रीच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोराच्या छातीत जातो. आर्मचे पोलादही तापून कमकुवत होऊ शकते. प्रेसने निघत नसेल तर मधले रबर ड्रिलने मोकळे करून आतली नळी काढावी आणि बाहेरच्या नळीला हॅकसॉने आतून एक उभी चीर द्यावी. ती सैल होऊन निघते. पाते आर्मच्या घरात रुतणार नाही एवढे जपावे. नवा रबरी बुश दाबताना ग्रीस किंवा ऑईल लावू नये, नैसर्गिक रबर त्याने फुगते. साबणाचे पाणी पुरते.

आणि आता ती एक गोष्ट, जिच्यामुळे नवे कोरे बुश काही महिन्यांत फाटतात. गाडी जॅकवर, चाके लोंबकळलेली, मिस्त्री नवे आर्म लावतो आणि तिथेच सगळे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळतो. आतली नळी त्या क्षणी ब्रॅकेटला पक्की होते, म्हणजे रबराच्या दृष्टीने लोंबकळलेला आर्म हीच विश्रांतीची जागा ठरते. गाडी खाली घेतली की आर्म वर येतो आणि रबर पिळले जाते. आर्म ४० सेंटीमीटरचा आणि चाक १० सेंटीमीटर वर आले, तर हा पीळ १४ अंशांच्या पुढे जातो. गाडी नुसती उभी असली तरी तो पीळ तसाच राहतो. त्यात खड्ड्यात चाक आणखी १० सेंटीमीटर वर गेले की एकूण पीळ जवळपास ३० अंशांवर पोचतो, आणि तो सगळा एकाच दिशेने. रबराचा जोड नळीपासून सुटायला मग वेळ लागत नाही. योग्य रीत अशी, की बोल्ट आधी नुसते हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे थोडी ढकलून आणि बंपर दाबून सस्पेन्शन आपल्या जागी बसू द्यायचे, आणि मग खाली शिरून टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे. खाली शिरायला जागा नसेल तर चाकांखाली रॅम्प घ्यावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. मिस्त्रीला हे काम सुरू होण्याआधीच सांगावे, कारण गाडी खाली उतरल्यावर परत खाली जायला कोणीच राजी नसते. पीयूला ही अडचण नाही, तो नळीवर फिरतोच. फक्त पाट्याच्या शॅकलचे बोल्ट त्यालाही भार आल्यावरच आवळावेत, म्हणजे शॅकलचा कोन नीट राहतो.

बुश नेहमी डावे-उजवे जोडीने बदलावेत आणि काम झाले की अलाइनमेंट करून घ्यावी. विशबोनच्या गाडीत कॅम्बर-कॅस्टरही पाहावा, अखंड ॲक्सलला बहुतेक टो-इनच जुळवता येतो. आवळलेल्या प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पहिल्या ऑफ-रोड फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला हे टॉर्च लावताच कळते.

निघालेले जुने बुश गॅरेजात टाकून येऊ नका. कुठला कुठून निघाला ते खडूने लिहून घरी आणा आणि नीट पाहा. रबर फुगून चिकट झाले असेल तर वर कुठेतरी इंजिन ऑईल किंवा डिझेल गळते आहे, ते आधी थांबवा, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल. जोड गोलाकार फाटलेला असेल तर मागच्या वेळी बोल्ट लोंबकळत्या चाकावर आवळले होते. फक्त एका बाजूने रबर चेपले असेल आणि दुसरी बाजू नव्यासारखी असेल तर आर्म वाकला आहे किंवा ब्रॅकेट सरकला आहे, मापे घ्या. दोन्ही कडांना रबर ओरबाडले गेले असेल तर त्या सांध्याला तिरपे व्हायला जागा अपुरी पडते आहे, तिथे पीयूचा विचार सोडून द्या. बाहेरच्या नळीवर चकचकीत घासल्याच्या खुणा असतील तर बुश घरात सैल फिरत होता. तेव्हा नवा बुश नव्हे, नवा आर्म विकत घ्या.